पाच व्होल्टचा निळा

१९ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष लागला. देवानंदच्या मंडप-डीजेला पंधरा दिवस सुपारी नाही. म्हणून आज तो गाडीतून एक लोखंडी पेटी घेऊन आला आणि वाटूर फाट्यावरच्या माझ्या दुकानात टेबलावर ठेवून मोकळा झाला. लेझर शोचा प्रोजेक्टर. हैदराबादहून जुना घेतलेला.

"मामा, गणपतीत दोन दिवस चालला, मंग उंदरानं वायर खाल्ली. तुमच्याबिगर ह्यो कोन्हालाच जमणार न्हाई," म्हणाला.

परतूरच्या दोघा मेकॅनिकांनी हात जोडल्यावर तो माझ्याकडे आला, हे मला माहीत आहे. तरी ऐकायला बरं वाटलं.

तीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही उघडले. आता टीव्ही बिघडला की लोक सरळ नवा आणतात. मागच्या महिन्यात माझ्याकडे दोन मिक्सर, एक इमर्जन्सी लाइट आणि एक बोलणारी बाहुली आली. बाहुली मी दुरुस्त केली, पण ती बोलायला लागल्यावर माझीच मला लाज वाटली. लेझर मात्र खरं काम आहे. दसऱ्याला सुरजमल शेठच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. यंदा मुहूर्त झाल्यावर संध्याकाळी गोदामाच्या भिंतीवर प्रकाशाचा मोर नाचवायचा, असं देवानंदनं शेठजींना कबूल करून टाकलंय. चालवणार कोण, विचारलं. "तुमीच," म्हणाला. बस. हे जमलं तर फाट्यावर पुन्हा लोक म्हणतील, भागवत मेकॅनिकला विचारा.

उषा नेहमीप्रमाणे दुपारून दुकानात येऊन बसली. वैशाखापासून बायकोला घरी करमत नाही. माझ्या डब्यातले सगळे रेझिस्टन्स ओतून घेते, अंगावरचे रंगाचे पट्टे बघून वेगळे करते, काडेपेट्यांत भरते आणि वर खडूएवढ्या जाड अक्षरांत आकडे लिहिते. तिला यातलं काही समजत नाही, पण हात गुंतलेले राहतात.

यंदाच्या डायरीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. पुढच्या वर्षी दुसरीकडून घ्यायची.

२१ सप्टेंबर, शनिवार

प्रोजेक्टरला मागे पंचवीस पिनांचं सॉकेट आहे. लॅपटॉपवरचं चित्र एका छोट्या डबीत जातं, डबी त्याचे व्होल्टेज करते आणि ते या पिनांतून आत येतात. आत नखाएवढे दोन आरसे. एक किरणाला डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा वर-खाली. एवढ्या भराभर, की भिंतीवर रेघ दिसते. तासभर नुसता बघत बसलो. कोणाच्या डोक्यात आलं असेल हे.

वायर नवीन बांधली. दोन पिना सोल्डरनं एकमेकींना चिकटल्या. उषा म्हणाली, "हे दोन चिकटलेत का वो?" मी म्हणालो, डाग आहे तो. मग बोटानं चाचपलं तर चिकटलेल्या होत्या. हल्ली सोल्डरच पातळ येतं. टेबलावरचा बल्बही पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा बदलला, उजेड पडत नाही म्हणून. नवा तसाच मिणमिणता. कंपन्यांना काही धरबंद राहिलेला नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शेठजींची नात पलक लॅपटॉप घेऊन आली. संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे, मोराचं चित्र तिनंच केलंय. पोरगी हुशार, उगीच पुढंपुढं करत नाही. मला "काका, हे बघता का" म्हणते, "काका, तुम्हाला माहीत नसेल" असं म्हणत नाही.

प्रोजेक्टर लागला! दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या भिंतीवर मोर काढला. पण निघाला अर्धा. अर्धा म्हणजे तुटलेला नव्हे. पूर्ण मोर, पण निम्म्या मापाचा, लांडोर म्हणावी इतका. देवानंद म्हणाला, "शेठजी म्हनतील मोराचं पिल्लू आनलं." मशीनच फसवून विकलं, असं माझं मत पडलं आणि मी ते चारचौघांत बोलूनही टाकलं.

मीटर लावला तर काटा मध्येच उभा, हलेना. पलक म्हणाली, चित्र इतकं भराभर फिरतं की काट्याला सरासरी शून्यच दिसणार. मला हे सुचायला हवं होतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चूक माझी. लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.

पलकनं चित्राऐवजी एक ठिपका अगदी उजव्या टोकाला थांबवला, प्रोजेक्टरचं झाकण बंद ठेवून. आता काटा बोलला. आडव्या आरशासाठी दोन तारा आहेत, एक अधिक, एक उणे. डबीपाशी अधिकवर पाच व्होल्ट. उणेवर काहीतरी उलटं दिसलं म्हणून टोकं बदलली, तर तिथंही पाच, पण खालच्या बाजूला. एक पाच चढली की दुसरी पाच उतरते. आरसा दोघींमधला फरक बघतो, म्हणजे दहा.

आणि मी काय केलेलं? वायर बांधताना दोन्ही आरशांची डबीकडून येणारी उणे तार कापून ठेवली आणि प्रोजेक्टरची उणे पिन बॉडीला जोडून टाकली. तीस वर्षं मायनस म्हणजे बॉडी. रेडिओत तेच, टीव्हीत तेच. हात आपसूक तिकडे गेला. दहाऐवजी पाचच पोचले, म्हणून मोर निम्मा.

दोन तारा कशाला, एकीनं भागलं असतं की, असं मी पलकला विचारलं. ती म्हणाली, "लांबच्या वायरीत जनरेटरची घरघर शिरते ना काका, ती दोन्हींत सारखीच शिरते. फरक काढला की घरघर जाते, चित्र राहतं."

तारा पुन्हा बांधल्या. मोर भिंतभर. उषानं टाळ्या वाजवल्या. तिला कारण सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे एकटीचं खरं धरायचं न्हाई, दोघींना इचारायचं." तसं नाही, पण समजावत बसलो नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

आता रंग. तांबडा, हिरवा, निळा, तिघांना वेगळी तार. इथं उणे-अधिकची भानगड नाही. शून्य व्होल्टला रंग बंद, पाचला पूर्ण, मध्ये जितके व्होल्ट तितका रंग. सोपं काम.

पण निळा मार खातोय. तांबडा ठीक, हिरवा झकास. मोराची मान मात्र मातकट, पावसात भिजलेल्या पोत्यासारखी. व्होल्टेज मोजलं. माझ्या चष्म्याचा नंबर जुना झालाय, म्हणून काटा उषाकडून वाचून घेतला. "पाच. बराबर पाचावर," म्हणाली. म्हणजे सिग्नल पूर्ण येतोय आणि आतला निळा दिवाच कमजोर आहे. निळ्याला करंट देणाऱ्या ड्रायव्हरवर प्रीसेट आहे, पेचकसानं फिरवून जोर कमी-जास्त करायचा. तो वाढवावा लागणार.

२ ऑक्टोबर, बुधवार

प्रीसेट अर्धा फेरा वाढवला. हात लावण्याआधी नेहमीप्रमाणे उषाच्या नेलपॉलिशची खूण करून ठेवली. उस्तादांनी शिकवलेलं आहे, जिथून निघालास तिथं परत येता आलं पाहिजे.

फरक पडला नाही. उषा म्हणाली, "निळा तर लईच हाये. डोळ्याला टोचून राह्यला." मी चिडलो. म्हणालो, तुला यातलं काही समजत नाही, तू काडेपेट्या भर. ती काडेपेट्यांकडे वळली. नंतर वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. उषाच्या बचत गटातल्या बायका पेपरात आलेले नऊ दिवसांचे नऊ रंग पाळतात. आज पिवळा. पेट्रोल पंपापासून देवीच्या मंडपापर्यंत नुसती हळद सांडलेली.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज राखाडी. हा काय सणाचा रंग झाला.

जिनिंगमध्ये सामान हलवलं. हंगाम सुरू व्हायचाय, गोदाम मोकळं आहे. दारं लावली की दुपारी चाचणी करता येते. शेठजी स्वतः येऊन खुर्ची टाकून बसले. मोर बघून म्हणाले, "भागवत, गावोगावचे लोक येनार. बायका, लेकरं. एकदम बराबर पायजे हां." मी म्हणालो, मानेचा रंग तेवढा उठवतो. ते डोळे चोळत उठले. वय झालं त्यांचं.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज पांढरा म्हणे. उषानं पांढरी म्हणून नेसलेली साडी चांगली पिवळट होती. धुऊन धुऊन झाली असेल. एक नवी घ्यायला हवी तिला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्रीसेट आणखी एक फेरा वाढवला. निळा किंचित उठला. अजून पाहिजे.

किरण मोजण्यासाठी ठिपका थांबवून ठेवला होता. तेवढ्यात जळका वास आला. पेटीसमोर आडोशाला लावलेल्या काळ्या कापडाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं. देवानंदचा माणूस मच्छिंद्र तिथंच खांब बांधत होता. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. जिनिंगमध्ये बिडी! सरकी-कापसाची जागा, एक ठिणगी उडाली तर काय होईल? तो म्हणाला, "मामा, म्या बिडी वढतच न्हाई." मला असले बहाणे तीस वर्षं पाठ आहेत. देवानंदही त्याचीच बाजू घेत होता. दोघांशी बोललो नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

उषा आज पुन्हा राखाडी साडीत, तीही काळपट. पेपरवाल्यांना नऊ रंगसुद्धा पुरले नाहीत.

येताना समोरून येणाऱ्या ट्रकच्या लाइटभोवती मोठमोठी खळी पडत होती. हे नवे लाइट बंद करायला पाहिजेत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काय लिहू. तरी लिहितो.

दुपारी गोदामात चाचणी. मी म्हणालो, निळा अजून कमी आहे, उद्या आणखी फिरवतो. पलक म्हणाली, "काका, निळा डोळ्याला तसा कमीच दिसतो, पण जाळतो जास्त. मला तर आत्ताच बघवत नाही. आणि मोराची मान एकदम परफेक्ट आहे. काल काकू नेसल्या होत्या ना, तस्साच निळा."

मी म्हणालो, काल राखाडी होता.

देवानंद वायर गुंडाळायला लागला. पलक उषाकडे बघत होती आणि उषा जमिनीकडे. मग उषा म्हणाली, "राखाडी शनवारी व्हता. काल निळा व्हता. मोरपंखी निळा."

मी बाहेर निघून आलो. गाड्या तोलायच्या वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसलो. डोकं तापलं होतं. समोर कापसावर टाकायची ताडपत्री वाळत घातलेली. मला ती चिखलाच्या रंगाची दिसत होती, आणि ताडपत्री निळी असते हे मला माहीत आहे. मीच परतूरहून आणून दिली होती.

उजव्या डोळ्यावर हात ठेवला. ताडपत्री निळी. धुरकट, पण निळी.

डाव्या डोळ्यावर हात ठेवला. चिखल.

पुन्हा केलं. दहा वेळा केलं असेल. स्टीरिओचा एक बाजा, म्हणजे स्पीकर, खरखरला की आपण काय करतो? डावी तार उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून बघतो. खरखर तारेबरोबर सरकली तर तार खराब. बाज्यातच राहिली तर बाजा खराब. हे मी शेकडो वेळा केलंय आणि लोकांना ऐटीत समजावूनही सांगितलंय. ताडपत्री बदलली, भिंत बघितली, शेठजींच्या मोटारीचा रंग बघितला. खराबी जागची हलली नाही. खराबी माझ्यात होती.

मग एकेक आठवत गेलं. बल्ब. सोल्डर. डायरीच्या रेघा. ट्रकचे लाइट. पिवळट साडी. सगळ्यांवर मी खापर फोडलं होतं. व्होल्टेज पाच होतं, उषानं बराबर पाच वाचलं होतं, आणि मीटर खोटं बोलत नाही असं आयुष्यभर सांगणाऱ्या मी मीटर बाजूला ठेवून डोळ्यांवर विश्वास ठेवला. दीड फेरा वाढवला. त्या कापडाचं भोक मच्छिंद्रच्या बिडीनं पडलेलं नव्हतं. परवा त्या अंगणात लेकरं बसणार होती. खोटं कशाला बोलू, रडलो.

उषा येऊन शेजारी बसली. म्हणाली, "मला वैशाखापासून म्हाइत हाये."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हनले बल्ब डल झालेत."

दोघंही हसलो. कसं हसू आलं कोण जाणे.

मी म्हणालो, देवानंदला सांगतो, संभाजीनगरहून दुसरा माणूस आण. माझं आता काम नाही. ती म्हणाली, "ते तुमी ठरवा. पर आधी ते जास्तीचं फिरवलेलं माघारी घ्या. ते तुमाला एकट्यालाच म्हाइत हाये."

आत गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, मला रंग दिसत नाही, निळा मी चुकून वाढवून ठेवलाय, आणि मच्छिंद्रा, भोक माझ्यामुळं पडलं. मच्छिंद्र म्हणाला, "जाऊ द्या मामा, माह्या बायकोला बी वाटलं व्हतं मी वढतो म्हनून."

मेन बंद करून पेटी उघडली. पेचकस मी धरला. नेलपॉलिशची खूण मला दिसेना. उषानं मान आत घातली. "उलटं फिरवा. अजून. अजून थोडं. हळू. बास." मग कापडावर ठिपका थांबवून बघितला. वास आला नाही. दुसऱ्या माणसाचं मी पुन्हा काढलं तेव्हा देवानंद म्हणाला, "मामा, त्या मशीनीत काय हाये ते तुमाला म्हाइत. बघायला आमी हावच की."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

एक काम केलं. या सॉकेटात दोन पिना अशा आहेत की त्या एकमेकींना जोडल्याशिवाय लेझर लागतच नाही. सुरक्षेसाठी असतात. आतापर्यंत मी तिथं तारेचा तुकडा लावून टाकला होता, म्हणजे कायम जोडलेल्या. आज तो काढला आणि त्या दोन तारा वीस हात लांब बाहेर आणून जुन्या शिलाई मशीनच्या पायबटणाला जोडल्या. बटण दाबून धरलं तर शो चालेल, सोडलं की त्या क्षणी अंधार.

बटण उषाकडे. मी व्होल्टेज सांभाळणार, पलक चित्र, उषा माणसं. तिला म्हणालो, काहीही वेगळं दिसलं तर मला विचारू नको, पाय उचल.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. काल लिहायला हात चालला नाही.

जिनिंगच्या अंगणात माणूसच माणूस. काट्याची पूजा झाली. सगळ्यांत पहिली ट्रॉली धावड्याच्या रखमाजींची. भोकरदनच्या टोकाहून इतक्या लांब कापूस घेऊन आले म्हणून शेठजींनी स्वतः त्यांना फेटा बांधला, नारळ दिला. शेठजींच्या घरच्या बसंतीबाईंनी पेढे वाटले. सोनं लुटून झालं, अंधार पडला, आणि देवानंदनं दिवे घालवले.

पेटी आम्ही मचाणावर चढवली होती. किरण माणसांच्या डोक्यावरून पार वर जायला हवा, पलकनं टेप लावून उंची मोजली होती. मी मचाणाखाली मीटर घेऊन बसलो, उषा माझ्यापासून पाच हातांवर खुर्चीत, पाय बटणावर.

मोर उभा राहिला. मला राखाडी दिसला. पण मोर दिसताच अंगणातून जो आवाज निघाला ना, तो मी ऐकला. "निळा बघ, निळा बघ," एक म्हातारी नातीला सांगत होती. मोरानं पिसारा फुलवला आणि मला वाटलं, राखाडी तर राखाडी, आहे तर माझाच.

पिसारा दुसऱ्यांदा फुलत होता आणि फटकन अंधार झाला. मोर गेला. लोक ओरडायला लागले, शिट्ट्या वाजल्या. वायर तुटली, डबी गेली, आता शेठजी काय म्हणतील, असं सगळं एका दमात मनात येऊन गेलं. मीटर बघायला वाकलो, तेवढ्यात उषाचा आवाज आला. माझ्या बायकोचा एवढा मोठा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

"रखमाजीबाबा! खाली उतरा आधी!"

देवानंदनं दिवे लावले. रखमाजी आपल्याच ट्रॉलीतल्या कापसाच्या ढिगावर चढून उभे होते, अगदी वर. मोर नीट दिसावा म्हणून. फेट्याचा तुरा किरणाच्या रेषेत पोचला होता आणि ते अजून टाचा उंच करत होते. मान वळवून पेटीकडे बघायच्या बेतात होते. आणखी वीतभर, आणि डोळे.

मी तिकडेच तोंड करून बसलो होतो. मला ते दिसले नाहीत. मला तिथं काळोख आणि हिरवट धूसर पट्टा दिसत होता, एवढंच. परवापर्यंत ठरलेलं होतं तसं मी एकटाच बसलो असतो तर? आणि तो निळा दीड फेरा वाढवलेला असता तर? रात्रभर हेच डोक्यात फिरत होतं.

मच्छिंद्रनं बाबांना हात देऊन खाली उतरवलं. ते उषाला म्हणाले, "बाई, लई जोरात बोंबललीस, माह्या कापसाचा भाव पडंल ना." सगळं अंगण हसलं. उषानं पुन्हा पाय ठेवला आणि मोर जिथं थांबला होता तिथून पुढं नाचला.

शेवटी शेठजींनी माझा सत्कार म्हणून शाल काढली. मी म्हणालो, हिला द्या. लोकांना वाटलं मी नम्रपणा करतोय.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पलक आणि उषा मला जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात आधी निळा जातो, आणि माणसाला कळत नाही, कारण तो हळूहळू जातो. मी म्हणालो, मला कळलं, पण उलट्या बाजूनं, मला वाटलं मशीनचाच निळा गेला. दिवाळीनंतर ऑपरेशन.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल उजवा डोळा झाला, आज पट्टी काढली. लिहू नका म्हणालेत. दोनच ओळी.

उषा समोर उभी होती, तीच राखाडी साडी नेसून. एवढा निळा मी आयुष्यात बघितला नव्हता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज दहा दिवसांनी दुकान उघडलं. टेबलावरचा बल्ब लावला आणि डोळे दिपले. बिचाऱ्याला उगीच शिव्या दिल्या.

उषाच्या काडेपेट्या काढल्या. मोजल्या, बासष्ट. एकेक उघडून रेझिस्टन्सचे पट्टे बघितले, या रंगांवरूनच त्याचा आकडा कळतो. तांबडा, जांभळा, पिवळा. निळा आणि करडा, हिरवा आणि निळा, जे मला गेले सहा महिने एकसारखे दिसत होते, ते सगळे वेगवेगळे आणि ज्याच्या त्याच्या पेटीत. आत्ता कळलं, वैशाखापासून माझ्या हातून एकही चुकीचा रेझिस्टन्स का लागला नाही. मी हात पुढं करायचो, ती पेटी सरकवायची, आणि मी वरचा जाड आकडा वाचून घ्यायचो. ती वेळ घालवतेय, असं मी समजत होतो.

बासष्टांत एकच पेटी चुकीची निघाली. तिच्यावरचं अक्षर माझं होतं.

दुपारी ती आली. तिला विचारलं, हे पट्टे तुला शिकवले कोणी? तिनं दाराच्या मागं बोट केलं. तिथं तीस वर्षांपूर्वीचा रंगांचा तक्ता खिळ्याला टांगलेला आहे. मीच टांगलेला. "रोज एक ओळ पाठ केली," म्हणाली.

मग म्हणाली, "आता तुमाला दिसून राह्यलं. मंग मी येत जाऊ का नको?"

तिच्या आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता. खरंच विचारत होती. मी चहा सांगायला बाहेर पडलो.

या वहीत मी दोन ठिकाणी लिहिलंय की तिला यातलं काही समजत नाही. खोडणार होतो. खोडलं नाही, राहू दे तसंच.

येताना चौकातल्या चावीवाल्याकडे थांबलो आणि दुकानाची दुसरी चावी करून आणली. चहाबरोबर तिच्यासमोर ठेवली.